घर बांधताना: स्लॅबला माल किती लागतो?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, स्लॅबचा माल. सिमेंट किती, लोखंड किती, वाळू-खडी किती ब्रास. त्यातलं पहिलं पत्र जरा सविस्तर घेतलं आहे, कारण बाकीच्या प्रश्नांनाही त्यातलेच आकडे उपयोगी पडतात.

आमचं घर २० फूट बाय ३० फूट, चार खोल्यांचं आहे. बीमच्या तळापर्यंत कॉलम भरून झालेत. इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये स्लॅब ५ इंच आणि बीम ९ बाय १५ इंच दाखवले आहेत, तीन लांबीत, तीन रुंदीत. मिस्त्री म्हणतो १०० गोण्या आणा, दुकानदार म्हणतो ६० पुरतील. कुणाचं धरायचं? (एक वाचक, मंगळवेढा)

दोघांचंही नको. तुमच्या हातात ड्रॉइंग आहे, त्यावरून आकडा स्वतः काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी नुसता स्लॅब घ्या. २० × ३० म्हणजे ६०० चौरस फूट. जाडी ५ इंच, म्हणजे ५ भागिले १२ फूट. गुणाकार येतो २५० घनफूट, म्हणजे अडीच ब्रास.

आता बीम. सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. बीम १५ इंच खोल असला, तरी त्यातले वरचे ५ इंच स्लॅबमध्येच आहेत आणि ते आपण आधीच मोजलेत. मोजायचे फक्त खालचे १० इंच. लांबीतले तीन बीम ३०-३० फुटांचे, म्हणजे ९० फूट. रुंदीतल्या बीमच्या लांबीतून या तिघांची ९-९ इंच रुंदी वजा करायची. उरतात १७ फूट ९ इंच, त्याचे तीन म्हणजे ५३ फूट ३ इंच. एकूण लांबी धरा १४३ फूट. ९ इंच रुंद आणि १० इंच खोल बीमला फुटाला ०.६२५ घनफूट बसतं, म्हणजे बीमचे सुमारे ९० घनफूट. स्लॅब आणि बीम मिळून ३४० घनफूट.

हा झाला ओल्या, जागेवर बसलेल्या काँक्रीटचा आकडा. कोरडा माल त्याहून जास्त लागतो. खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट जातं आणि पाणी पडून सगळं दबतं. म्हणून ओल्या आकड्याला १.५४ ने गुणायचं. ३४० चे होतात सुमारे ५२४ घनफूट. एम-२० या ताकदीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं १ : १½ : ३ हे प्रमाण धरलं तर एकूण भाग साडेपाच. ५२४ ला ५.५ ने भागलं की सिमेंट येतं ९५ घनफूट. ५० किलोची गोणी १.२२६ घनफुटांची असते, म्हणजे ७८ गोण्या. वाळू १४३ घनफूट, खडी २८६ घनफूट. सांडलवंड धरून ८२ गोण्या, दीड ब्रास वाळू आणि ३ ब्रास खडी मागवा. खडी सगळी २० मिलिमीटरची घेऊ नका. तिसरा हिस्सा १०-१२ मिलिमीटरची बारीक खडी असू द्या, नाहीतर बीममधल्या सळयांच्या दाटीतून माल खाली उतरत नाही आणि फळ्या काढल्यावर बीमच्या तळाला पोळ्यासारखी भोकं दिसतात.

दुकानदाराचे ६० कुठून आले हे आता दिसेल. नुसत्या स्लॅबला ५७ गोण्या लागतात, बीम तो विसरलाय. मिस्त्रीने बीमची पूर्ण १५ इंच खोली धरली असणार. त्याने १० गोण्या वाढून आकडा ८८ वर जातो, आणि वर हात सैल सोडला की शंभर. लक्षात ठेवायला सोपं म्हणून सांगतो: एम-२० च्या दर घनफूट ओल्या काँक्रीटला ०.२३ गोणी. उलट बाजूने पाहिलं तर एका गोणीत ४.४ घनफूट काँक्रीट होतं.

हाच आकडा भरणीच्या दिवशी पडताळ्याला वापरा. मिक्सरमध्ये एका फेऱ्याला एक गोणी जात असेल, तर २० गोण्या संपल्यावर ८८ घनफूट भरलं गेलं पाहिजे. बीमसकट स्लॅब एका बाजूने भरत येत असाल, तर तो साधारण १५५ चौरस फूट, म्हणजे पाव स्लॅबच्या थोडा पुढे हवा. १२०-१३० फुटांवरच अडकलात तर काम थांबवून जाडी मोजा. सेंट्रिंग (स्लॅबखालचा प्लेटा-टेकूंचा आधार) खचलंय, प्लेटा खाली-वर लागल्यात किंवा मिस्त्री जाड ओढतोय, यापैकी काहीतरी आहे. अर्धा इंच ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ६०० चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे २५ घनफूट, जवळजवळ ६ गोण्या, आणि घराच्या डोक्यावर कायमचा पावणेदोन टन जादा भार. एका सळईच्या तुकड्याला ५ इंचांवर तार गुंडाळून ठेवा आणि ओल्या मालात दर चार-पाच फुटांवर ती खुपसून बघा. एवढंच हत्यार पुरतं.

उरलेल्या चार गोण्या गिलाव्याला जातील, वाया नाहीत. माल मध्येच कमी पडणं मात्र फार वाईट. नवा माल येईपर्यंत दोन-तीन तास गेले की जुन्या काँक्रीटला नवं नीट धरत नाही आणि पहिल्याच पावसात त्या रेषेतून पाणी झिरपतं. थांबणं अगदीच टळत नसेल, तर बीमजवळ थांबू नका. खोलीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात फळी उभी लावून सरळ कड करून थांबा. दुसऱ्या दिवशी ती कड तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, सिमेंटची रबडी लावून पुढे भरा.

जिना याच भरणीत असेल तर तो वेगळा धरा. साडेतीन फूट रुंद, १० इंच पाऊल, ७ इंच उंची आणि ५ इंच जाडीचा तिरपा स्लॅब असेल, तर एका पायरीला २.३३ घनफूट, म्हणजे अर्ध्या गोणीहून थोडं जास्त. जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेली जागा ६०० चौरस फुटांतून वजा करायला विसरू नका.

लोखंडाचा अंदाज चौरस फुटाला अमुक किलो असा धरतात. तो बरोबर असतो का? शिवाय दुकानदार नग मोजून देतो, वजन करत नाही. (एक वाचक, तासगाव)

चौरस फुटावरचा आकडा पैशांची तजवीज करायला ठीक आहे, खरेदीला नाही. खरेदी बार बेंडिंगच्या यादीवरून (कोणत्या मापाच्या किती सळया, कशा कापायच्या-वाकवायच्या) करायची. सळईचं वजन काढायला एकच सूत्र पाठ करा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे झाले मीटरला किलो. ८ मिलिमीटरला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८. फुटाला हवं असेल तर १६२ ऐवजी ५३३ ने भागा.

वरच्याच घरावर करून बघू. समजा ड्रॉइंगमध्ये दोन्ही दिशांना ८ मिलिमीटरची सळई ६ इंचांवर आहे. २० फुटी सळया येतात ६१ (३० फुटांत ६० गाळे, अधिक एक), ३० फुटी येतात ४१. जाळीच २,४५० फुटांची झाली, म्हणजे २९४ किलो. पुष्कळ अंदाज इथेच थांबतात आणि बीमच्या डोक्यावरच्या जादा सळया राहून जातात. रुंदीतली एक आड एक सळई क्रँक केली, म्हणजे बीमजवळ तिरकी वर वाकवली, तरी मधल्या बीमवर दोन क्रँकच्या मधली जागा वरून रिकामी राहते. तिथे फुटाफुटावर ६ फुटी तुकडे लागतात, आडव्या (रुंदीतल्या) बीमवर ९ फुटी, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या सळया वेगळ्या. हे सगळं मिळून आणखी ८० किलो. ते गाळलं तर बीमच्या कडेने स्लॅबवर वरच्या अंगाला लांब चीर पडते.

कापणीही आधीच ठरवा. बाजारात सळईला ४० फुटी म्हणतात, पण ती १२ मीटरची असते, म्हणजे ३९ फूट ४ इंच. सरळ टाकायची २० फुटी सळई अर्धी कापून निघते. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच कमी पडते, तरी ९ इंची बीममध्ये ७ इंच आत जाते. क्रँक आणि टोकाचा वाक असलेल्या सळईला मात्र २१ फूट लागतात. तिच्या मागे १८ फुटांचा तुकडा उरतो आणि त्यातून बरोबर तीन जादा सळया निघतात. ३० फुटी सळईमागे ९ फुटांचा तुकडा राहतो, तो आडव्या बीमच्या डोक्यावर जातो. या हिशेबाने स्लॅबला ८७ नग लागतात, वजन ४१२ किलो, आणि भंगारात जवळजवळ काही जात नाही. फिटरला यादी न देता लोखंड ताब्यात दिलंत, तर हेच १८ फुटी तुकडे भिंतीला टेकून राहतात आणि जादा सळयांसाठी नव्या सळया कापल्या जातात.

बीमच्या रिंगा वेगळ्या मोजा. ९ बाय १५ च्या बीमला एक रिंग ८ मिलिमीटरची, हुकासकट ३ फूट १० इंच, म्हणजे ४६० ग्रॅम. ६ इंचांवर धरल्या तर १४३ फुटांत सुमारे २९०, वजन १३३ किलो. नुसत्या रिंगा सव्वा क्विंटलच्या वर जातात हे यादी केल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. वर दोन आणि खाली तीन अशा १२ मिलिमीटरच्या सळया असतील, तर टोकं आणि जोड धरून आणखी २३० किलो. एकूण बेरीज साधारण ७७५ किलो. बायंडिंग तार टनाला ८ ते १० किलो धरतात, तुम्हाला ८ किलो पुरे. सळयांचे व्यास आणि अंतर मात्र तुमच्याच ड्रॉइंगमधले घ्या. खोली मोठी झाली की ते बदलतात.

नग की वजन? दोन्ही बघा. ८ मिलिमीटरच्या दहा सळया ४७.४ किलो भरायला हव्यात. आयएस १७८६ या सळयांच्या भारतीय मानकात १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ४४ किलोच्या खाली आल्या तर तो माल परत करायचा. सळई बारीक निघाली तर नग मोजून घेणाऱ्याला कमी लोखंड मिळतं आणि स्लॅबलाही कमी मिळतं. धर्मकाट्यावर वजन करून घ्या आणि जागेवर नग मोजा.

आम्ही तयार काँक्रीट मागवणार आहोत. ३४० घनफुटांना १.५४ ने गुणून ५२४ घनफूट, म्हणजे १५ घनमीटरची ऑर्डर द्यायची ना? (एक वाचक, नाशिक)

नाही, अजिबात नाही. गाडीतून येतं ते ओलं काँक्रीट असतं, त्याला १.५४ लागू नाही. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. ३४० ला त्याने भागलं की ९.६३ येतात. पंपाच्या पाइपात राहतं ते वेगळं: ५ इंची पाइप ४० मीटर असेल तर अर्धा घनमीटर. म्हणून साडेदहा धरा. पहिली गाडी ६ ची मागवा आणि दुसरीचा आकडा पहिली रिकामी झाल्यावर, उरलेली जागा मोजून कळवा. तशी सोय आहे का, हे आधीच ठरवून घ्या. घनमीटरचं वजन सुमारे २.४ टन भरतं, तेव्हा ६ घनमीटरच्या गाडीत निव्वळ साडेचौदा टनांच्या आसपास माल हवा. वजनाची पावती मागा. चलनावर प्लांटमध्ये माल भरल्याची वेळ असते, तिथून दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. उशीर झाला आणि ड्रायव्हरने पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडला, तर ती गाडी घेऊ नका.

वाळू एक ब्रास म्हणून आली, पण मिस्त्री म्हणतो पाऊणच आहे. ओल्या वाळूत फसवणूक होते असंही ऐकतो. (एक वाचक, वैजापूर)

ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात मत-मतांतर नाही. ट्रॉली खाली करण्याआधी टेपने आतून मोजा. साडेनऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि माल दीड फूट उंच असेल, तर ७८ घनफूट झाले. मिस्त्रीचं बरोबर आहे. उंची मधल्या ढिगाची नाही, माल सपाट करून चार कोपऱ्यांत मोजायची.

ओली वाळू हा प्रश्न वेगळा, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचा. थोडी ओल असली की वाळूचे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. ४-५ टक्के ओलीला २०-२५ टक्के फुगवटा सहज येतो. बारीक वाळू जास्त फुगते. मोजून बघा: काचेच्या सरळ बरणीत ओली वाळू न ठोकता २० सेंटीमीटर भरा. ती बाहेर काढा, बरणीत अर्धं पाणी घ्या, तीच वाळू परत टाका, काडीने ढवळा आणि बसू द्या. ती १६ सेंटीमीटरवर आली तर फुगवटा ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के.

याचा परिणाम फक्त खिशावर होत नाही. दर गोणीला दीड फरमा (माल मोजायचं खोकं) वाळू टाकायची असताना तुम्ही ओल्या वाळूचा दीडच फरमा टाकलात, तर खरी वाळू १.२ फरमेच गेली. खडी जास्त होते, माल सुटा पडतो, मिस्त्री तो मऊ करायला पाणी वाढवतो. त्या दिवशी १.९ फरमे टाकायला हवेत. फरमा करून घ्या १२ बाय १२ बाय १५ इंचांचा, तो सव्वा घनफुटाचा होतो, एका गोणीच्या जवळजवळ बरोबर. घमेल्यांवर भरवसा ठेवू नका. सकाळी शिगोशीग भरणारं घमेलं दुपारी बारानंतर सपाट होतं.

पाण्याची मर्यादा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट आहे: या प्रमाणाच्या एम-२० ला गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर, वाळूतली ओल धरून. दीड फरमा वाळू कोरडी असताना साधारण ८० किलो भरते. ५ टक्के ओल म्हणजे ४ लिटर पाणी तिच्यातच आहे. म्हणून वरून २६ लिटर. मिक्सरजवळ १५ लिटरच्या दोन बादल्या ठेवा, दुसरी थोडी कमी भरा, आणि पाइप तिथून काढून टाका.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. हाच हिशेब आम्हाला चालेल का? (एक वाचक, देवगड)

घनफुटांचा चालेल, मालाचा नाही. समुद्राच्या हवेतलं क्षार काँक्रीटमधून आत शिरून सळईला गंज आणतं. गंज फुगतो आणि खालून पापुद्रे सुटतात. आयएस ४५६ किनाऱ्याच्या उघड्या काँक्रीटला एम-३० सांगतं, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीच्या आत, आणि सळईखाली ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर. आतल्या भागातल्या घरांना हेच कव्हर २० मिलिमीटरचं असतं. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागाला एम-२५ आणि ३० मिलिमीटर चालतं. एम-२० च्या वर घमेली-फरम्याचं ठोक प्रमाण चालत नाही, प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं, आणि गोण्यांचा आकडा त्या कागदावरून येतो. कव्हर वाढलं की जाडीही वाढते, ५ इंचांत ते बसणार नाही, तेव्हा ड्रॉइंग इंजिनिअरकडून पुन्हा तपासून घ्या. कव्हर ब्लॉक त्याच ताकदीच्या सिमेंटचे असावेत. खडीचे तुकडे सळईखाली सरकवण्याची पद्धत किनाऱ्यावर तर मुळीच नको.

विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते कालवायलाही नको आणि मारायलाही नको. कालवायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

एप्रिलमध्ये स्लॅब आहे आणि पाणी टँकरचं. किती पाणी धरून ठेवू? (एक वाचक, जालना)

वरच्याच ६०० चौरस फुटांना कालवायला ७८ गुणिले ३०, म्हणजे २,३०० लिटर. मिक्सर, अवजारं आणि प्लेटा धुवायला आणखी हजारभर. खरं पाणी पुढे लागतं. स्लॅबवर मातीचे किंवा कमी सिमेंटच्या मसाल्याचे वाफे करून त्यात २ इंच पाणी उभं केलं, तर पहिल्या भरण्यालाच २,८०० लिटर लागतात. एप्रिलच्या उन्हात आणि गळतीत रोज एक सेंटीमीटर जाईल असं धरा, ते रोजचे ५५० लिटर. चौदा दिवसांत साडेसात हजार. सगळं मिळून १४,००० लिटरांची सोय करूनच तारीख ठरवा.

पाणी कमी असेल तर वाफ्यांऐवजी गोणपाट अंथरा, त्यावर प्लॅस्टिक टाका आणि कडा विटांनी दाबा. रोजचं पाणी बरंच वाचतं. पण गोणपाट सुकू द्यायचं नाही, दुपारी हात घालून बघायचं. भरणी पहाटे सुरू करा: एका फेऱ्याला ४ मिनिटं धरली तर ७८ फेऱ्यांना सव्वापाच तास लागतात, सहाला सुरू केलं तर साडेअकरापर्यंत ऊन चढायच्या आत उरकतं. वरचा भाग चमक जाऊन मळकट दिसू लागला की ओलं गोणपाट टाकून झाका. उन्हाळ्यात स्लॅबवर बोटभर लांबीच्या बारीक चिरा पडतात, त्या बहुतेक या पहिल्या तीन-चार तासांतल्या असतात. नंतर कितीही पाणी मारलं तरी त्या बुजत नाहीत.

हल्ली दुकानात मिळतं ते सिमेंट बहुधा पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं) असतं, गोणीवर छापलेलं असतं. ते ताकद जरा सावकाश धरतं. म्हणून स्लॅबचे टेकू १४ दिवस आणि बीमखालचे २१ दिवस हलवू नका. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते, त्याच्याशी हे दिवस भाडं ठरवतानाच कागदावर लिहून घ्या.